अंगठी, पत्र आणि दागिने : अमात्य राक्षसाचं प्रकरण

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाच्या पाचव्या अंकात एका माणसावर फितुरीचा आरोप येतो. पुरावे समोर ठेवले जातात. त्याच्या अंगठीचा शिक्का असलेलं पत्र, त्याच्या विश्वासू लेखनिकाचं अक्षर, त्याने स्वतःच्या हाताने देऊन टाकलेले दागिने आणि या क्षणी त्याच्या अंगावर असलेला आणखी एक दागिना. यातली एकही वस्तू बनावट नाही. शिक्का त्याच्याच अंगठीचा, अक्षर त्या लेखनिकाचंच, दागिने त्यानेच दिलेले. आणि माणूस मात्र साफ निर्दोष.

विश्वासघात आणि वेषांतर यांच्या कथा जुन्या साहित्यात ढिगाने सापडतात. पण खऱ्या वस्तूंमधून खोटा गुन्हा उभा राहिलेला इतका चोख प्रसंग माझ्या वाचनात दुसरा नाही. म्हणून हेच एक प्रकरण सविस्तर मांडायचं ठरवलं.

आधी काय घडलं होतं

नाटक सात अंकांचं, संस्कृत. विशाखदत्ताच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, चौथ्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत तारखा सुचवल्या गेल्या आहेत. कथा मात्र इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरची. नंदांचा नाश झाला आहे, पाटलिपुत्राच्या गादीवर चंद्रगुप्त मौर्य बसला आहे. यात प्रेमकथा नाही, नायिका नाही, लढाईही रंगमंचावर होत नाही. दोन अमात्यांची बुद्धी एकमेकींशी झुंजते, एवढंच.

एक अमात्य चाणक्य. दुसऱ्याचं नाव राक्षस. हे त्याचं विशेषनाम, तो नंदांचा ब्राह्मण अमात्य. नंद गेले, त्यांच्या वंशातला शेवटचा सर्वार्थसिद्धी तपोवनात गेला आणि तिथेही चाणक्याच्या माणसांनी त्याला मारलं. तरी राक्षस शरण येत नाही. पर्वतक राजाचा मुलगा मलयकेतू याला हाताशी धरून, पाच राजांची फौज जमवून तो पाटलिपुत्रावर चाल करण्याच्या तयारीत आहे.

चाणक्याला राक्षस मेलेला नको, चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा आहे. पहिल्याच अंकात तो याचं कारण सांगतो. धनी वैभवात असताना पैशासाठी चाकरी करणारे पुष्कळ. धनी संकटात असताना, पुढे त्याचे दिवस पालटतील या आशेने टिकून राहणारेही मिळतात. पण धनी समूळ संपल्यावर, काहीही मिळण्याची आशा नसताना, केवळ जुनं ऋण आठवून त्याच्या कार्याचं ओझं वाहणारा दुर्मीळ. शत्रूबद्दल इतकं अचूक आणि इतकं आदराने बोलणारा माणूसच त्याच्यासाठी इतका अचूक सापळा रचू शकतो. पुढच्या सगळ्या कारस्थानाचं बीज मला या बोलण्यात दिसतं. राक्षस कुठे दुबळा आहे हे चाणक्य शोधत बसत नाही. तो कुठे चांगला आहे ते त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि फासे तो तिथेच लावतो.

राक्षसाचेही हात धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे इथेच सांगायला हवं. चंद्रगुप्तावर विषकन्या त्यानेच सोडली होती. चाणक्याने ती पर्वतकाकडे वळवली आणि पर्वतक मेला. वैद्याकरवी विष, शयनगृहाच्या भिंतीतल्या भुयारात दडवलेले मारेकरी, मिरवणुकीच्या वाटेवर कोसळणारी कमान, हे सगळं राक्षसाने करून पाहिलं. त्याचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेषात हिंडतो. तेव्हा हा साधाभोळा माणूस कपटी माणसांच्या तावडीत सापडला, असं हे प्रकरण नाही. दोघेही एकाच विद्येतले.

पुरावे कसे जमले

प्रत्येक पुरावा कुठून आला ते बघा. प्रकरणाचा गाभा इथे आहे.

अंगठीपासून सुरुवात करू. नगर सोडून निघताना राक्षसाच्या बायकोने ती त्याच्या हातातून काढून घेतली होती, विरहात मनाला तेवढाच आधार म्हणून. राक्षसाने बायकोमुलांना चंदनदास या रत्नांच्या व्यापाऱ्याच्या घरी ठेवलं. चाणक्याचा हेर निपुणक यमपट, म्हणजे यमलोकाची चित्रं, दाखवत दारोदार फिरणाऱ्याच्या वेषात त्या घरात शिरतो. आतून पाचेक वर्षांचं पोर कुतूहलाने बाहेर धावतं. आत बायकांची घाबरी कुजबुज होते, एक हात पुढे येऊन मुलाला मागे ओढतो. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची. तिच्या बोटात ती सैल होतीच. ती निसटते, उंबऱ्यापाशी आपटते, घरंगळत येऊन हेराच्या पायाशी थांबते. त्या बाईला पत्ताही लागत नाही.

मग पत्र. शकटदास हा राक्षसाचा मित्र आणि लेखनिक. चाणक्य आपल्या सिद्धार्थक नावाच्या माणसाकरवी त्याच्याकडून एक पत्र लिहवून घेतो. कुणाचं, कुणाला, काहीच नाव नसलेलं. आपण काय लिहितोय हे शकटदासाला कळत नाही. पत्रावर राक्षसाच्या अंगठीचा शिक्का बसतो. मग शकटदासाला सुळावर द्यायची आज्ञा सुटते आणि ठरल्याप्रमाणे सिद्धार्थकच त्याला वधस्थानातून 'सोडवून' राक्षसाकडे घेऊन पळतो. मित्राचा जीव वाचवणाऱ्याला राक्षस काय देतो? मलयकेतूने नुकतेच स्वतःच्या अंगावरचे काढून प्रेमाने पाठवलेले दागिने. हातचं राखून न ठेवता, त्याच क्षणी.

उरला अंगावरचा दागिना. मेलेल्या पर्वतकाचे तीन दागिने चाणक्य व्यापाऱ्यांच्या वेषातल्या माणसांकडून राक्षसालाच विकवतो. पाचव्या अंकात मलयकेतूचं बोलावणं येतं तेव्हा राक्षसाच्या मनात येतं की कुमाराने आपल्याला दागिने घातले, आता त्याच्यापुढे दागिन्यांशिवाय जाणं बरं दिसणार नाही. म्हणून विकत घेतलेल्या तिनांतला एक तो अंगावर चढवतो.

बायकोची माया, मित्रावरचा विश्वास, उपकाराची जाण आणि कुमारासमोर जाताना पाळलेली रीत. मलयकेतूपुढे राक्षसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या एकेका वस्तूमागे त्याचा एकेक चांगुलपणा आहे. तो चिक्कू असता तर सिद्धार्थकाच्या पेटीत दागिने सापडले नसते. रीतभात न पाळणारा असता तर पर्वतकाचा दागिना अंगावर नसता.

पत्रातल्या मजकुराबद्दलही एक सांगतो. त्यात चंद्रगुप्ताने आमच्या प्रतिस्पर्ध्याला दूर करून शब्द पाळला, असं सूचित केलं आहे. प्रतिस्पर्धी म्हणजे चाणक्य. चंद्रगुप्त आणि चाणक्य यांचं लुटुपुटीचं भांडण तिसऱ्या अंकात होतं आणि पत्र लिहिलं जातं पहिल्या अंकात. तीन दागिने पोचले, हेही पत्रात आहे, आणि राक्षस ते विकत घेतो दुसऱ्या अंकात. जे अजून घडलेलंच नाही त्याची पोच चाणक्याने आधी लिहवून घेतली आणि मग ते घडवून आणलं.

भागुरायण

आता सापळा मिटतो. सिद्धार्थक परवान्याशिवाय छावणीबाहेर जाताना 'पकडला' जातो, मार खातो आणि पत्र व पेटी बाहेर काढतो. त्याआधी क्षपणकाच्या, म्हणजे जैन साधूच्या, वेषातला जीवसिद्धी मलयकेतूच्या कानावर पडेल अशा बेताने सांगून गेला आहे की पर्वतकावर विषकन्या सोडली ती राक्षसाने. हा जीवसिद्धी राक्षसाचा जवळचा मित्र समजला जातो. खरं तर तो चाणक्याचा सहाध्यायी इंदुशर्मा.

मलयकेतूच्या शेजारी उभा असलेला भागुरायण हा चाणक्याचाच माणूस. मलयकेतूची त्याच्यावर माया आहे, प्रत्येक गोष्ट तो त्याला विचारून करतो. प्रसंग सुरू होण्याआधी भागुरायण मनाशी बोलतो की माझ्यावर इतका जीव असलेल्या या कुमाराला मी फसवायचं, किती अवघड आहे हे! आणि लगेच स्वतःला समजावतो. कूळ, लाज, कीर्ती, मान यांच्याकडे पाठ फिरवून ज्याने क्षणभर टिकणाऱ्या पैशासाठी आपला देह धन्याला विकला, धनी सांगेल ते करायला जो बांधलेला आहे, त्याने आता बरंवाईट कशाला तोलत बसायचं?

अख्ख्या नाटकात विश्वासघात करणाऱ्याने स्वतःचं काळीज उघडून दाखवलं ते इथेच. तो राजकार्याचा आधार घेत नाही. मलयकेतू मूर्ख आहे, असंही म्हणत नाही. विकला गेलो आहे, एवढंच म्हणतो. त्याचा मला राग येत नाही, पण त्याला माफही करवत नाही. आपण काय करतोय हे ज्याला इतकं स्पष्ट दिसतं, त्याला थांबण्याची वाटही दिसत असते.

पुढचा क्षण मी दर वेळी श्वास रोखून वाचतो. मलयकेतूला योग्य तेच सुचतं. पत्र शकटदासाच्या अक्षरातलं वाटतंय ना, मग शकटदासालाच बोलवा. तो आला तर पत्र ओळखेल, ते कसं लिहवून घेतलं गेलं ते सांगेल आणि सगळा डाव पाचच मिनिटांत उघडा पडेल. भागुरायणाच्या हे ध्यानात येतं. तो म्हणतो की राक्षसासमोर शकटदास कबूल करणार नाही, त्यापेक्षा त्याचं दुसरं एखादं लिखाण आणून अक्षर ताडून पाहू. लिखाण येतं. अक्षर जुळतं.

साक्षीदार हाकेच्या अंतरावर असताना त्याला न विचारता कागदाला कागद जोडून पाहिला. मलयकेतू इथे चुकला. आणि त्याच जागी राक्षसही चुकला.

राक्षसाचं मौन

अक्षर जुळल्याचं पाहून राक्षसाच्या मनात काय येतं? शकटदास फुटला. बायकोमुलांची आठवण झाली असेल, धन्यावरची निष्ठा विसरला असेल, चंचल पैशाला भुलला असेल. ज्याला सुळावरून सोडवून आणल्याच्या आनंदात त्याने अंगावरचे दागिने दिले होते, त्या मित्राला तो मनातल्या मनात दोषी ठरवून मोकळा होतो. मलयकेतू राक्षसाला जे करतो, तेच राक्षस शकटदासाला करतो. माणसापेक्षा कागदावर विश्वास.

ही गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. राक्षसाच्या चारित्र्याबद्दल बोलताना त्याची निष्ठा सगळे सांगतात, ही चूक बाजूला राहते. मला ती बाजूला ठेवता येत नाही, कारण नंदांवरची निष्ठा अढळ असलेल्या माणसाचा मित्रावरचा विश्वास एका अक्षराने ढळतो, हे विशाखदत्ताने मुद्दाम दाखवलं आहे.

आणि तरी त्याच प्रसंगात राक्षस मोठाही दिसतो. तो आपल्याकडच्या उत्तरांचा एकेक विचार करतो. पत्र माझं नाही म्हणावं, तर शिक्का माझा आहे. शकटदासाने मैत्री मोडली म्हणावं, तर कोण विश्वास ठेवेल? मौर्याने दागिने विकायला काढले हे कुणाला पटेल? मग तो ठरवतो की 'ग्राम्य' उत्तर देण्यापेक्षा आरोप पत्करलेला बरा. खऱ्या गोष्टीही ज्या वेळी थापांसारख्या ऐकू येतात, त्या वेळी तो त्या बोलून स्वतःला हलकं करून घेत नाही. राक्षसाच्या अंगावरचा दागिना आपल्या बापाचा म्हणून ओळखून मलयकेतू म्हणतो की चंद्रगुप्ताकडून हे दागिने घेताना तुम्ही किंमत म्हणून आम्हालाच मोजलंत. राक्षस ऐकून घेतो.

मलयकेतू मग पाच मित्रराजांना मारायची आज्ञा देतो. ज्या तिघांना म्हणे आपली जमीन हवी होती त्यांना खड्ड्यात पुरा, ज्या दोघांना हत्ती हवे होते त्यांना हत्तींच्या पायी द्या. कुलूत, मलय, काश्मीर, सिंधू आणि पारसिक देशांचे हे राजे. त्यांचा काहीही अपराध नाही. काही मित्रांना जमीन हवी आहे, काहींना हत्ती, अशी पत्रात एक ओळ आली, सिद्धार्थकाने तोंडी नावं घेतली, तेवढ्यावर ते गेले. शेवटी सगळ्यांच्या बेड्या तुटतात, सगळे मुखवटे उतरतात, पण या पाचांना कुणीही परत आणू शकत नाही. रक्ताचा थेंब न सांडता मिळवलेला विजय असं चाणक्याच्या या खेळीचं कौतुक होतं, तेव्हा ते मला मान्य होत नाही.

जुन्या बागेतला माणूस

एकटा पडलेला राक्षस पाटलिपुत्राबाहेरच्या एका पडक्या बागेत येतो. तिथे एक माणूस दोरीने गळफास लावून घेण्याच्या बेतात आहे. विचारल्यावर तो सांगतो की माझा मित्र जिष्णुदास अग्निप्रवेश करायला निघालाय, कारण त्याचा मित्र चंदनदास सुळावर जातोय, कारण चंदनदास अमात्य राक्षसाची बायकोमुलं ताब्यात देत नाही. मित्रासाठी मरणाऱ्याच्या मित्रासाठी मरणारा मित्र. हा माणूसही चाणक्याचाच हेर. चाणक्याला माहीत आहे की या माणसाला कळ लागणार ती मैत्रीचीच.

राक्षस तलवार उपसून निघतो. माणूस म्हणतो की शकटदासाला कुणीतरी पळवल्यापासून मारेकरी सावध झालेत, हत्यार घेतलेला माणूस येताना दिसला की ते कैद्याला आधीच मारतात. राक्षस तलवार टाकून देतो. बळाची वेळ नाही, मसलतीला अवधी नाही, गप्प बसणं शक्य नाही. उरतो फक्त देह. तोच मोबदला म्हणून द्यायचा.

वधस्थानाकडे चंदनदास निघालाय, खांद्यावर सूळ. बरोबर बायको आणि लहान मुलगा. तो तिला परत फिरायला सांगतो. ती म्हणते, तुम्ही परदेशी निघाला नाहीत, परलोकी निघालात, मी परत कशी फिरू? तो म्हणतो, मी मित्राच्या कामासाठी मरतोय, माझ्या हातून काही वावगं घडलं म्हणून नव्हे, मग रडायचं कशाला? मुलगा विचारतो, बाबा गेल्यावर मी काय करायचं? चंदनदास सांगतो, जिथे चाणक्य नाही अशा देशात राहा.

सुळाकडे नेणारे दोघे चांडाळ म्हणजे वेष पालटलेले सिद्धार्थक आणि समिद्धार्थक. चंदनदासाला हे माहीत नाही. त्या बायकोला नाही, त्या मुलाला नाही. नाटकात इतकी माणसं वेषांतर करून वावरतात, त्यात चंदनदास पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या चेहऱ्याने उभा आहे. पहिल्या अंकात चाणक्याने धमकावलं तेव्हा तो म्हणाला होता की ती माणसं माझ्या घरी असती तरी मी दिली नसती, मग नसताना कुठून देऊ? यात थोडं खोटं आहे, कारण ती त्याच्याच घरी होती. पण या खोट्यासाठी त्याने स्वतःची मान पुढे केली आहे, आणि चाणक्याची माणसं जे जे खोटं बोलतात त्याची किंमत दुसराच कुणी मोजतो. वेष कुणी घातला आणि खोटं कोण बोललं एवढ्यावर मला माणसाचा निवाडा करता येत नाही. फसवणुकीची किंमत कुणाच्या खात्यावर गेली, ते मी बघतो.

तलवार

राक्षस येतो आणि म्हणतो, ती वधमाला माझ्या गळ्यात घाला. चाणक्य पुढे होऊन त्याला नमस्कार करतो. राक्षस म्हणतो, मला शिवू नका, चांडाळाचा स्पर्श झालाय. चाणक्य एकेक मुखवटा काढत जातो. हे चांडाळ नव्हेत, हा सिद्धार्थक. त्या बिचाऱ्या शकटदासाकडून त्याच्या नकळत ते पत्र लिहवलं मी. क्षपणक माझा, दागिने विकणारे माझे, बागेतला माणूसही माझाच.

अख्खं आयुष्य पणाला लावलेला माणूस इथे सगळं हरलेला आहे. आणि त्याची पहिली प्रतिक्रिया काय? बरं झालं, शकटदासाबद्दलचा किंतु गेला. हा सुटकेचा नि:श्वास मला त्याच्या नंदनिष्ठेइतकाच मोलाचा वाटतो. मित्रावर घेतलेला संशय त्याला पराभवापेक्षा जास्त टोचत होता.

चाणक्य अट सांगतो. चंदनदास जिवंत हवा असेल तर अमात्यपदाची ही तलवार हाती घ्या. मरण देऊ केलं असतं तर राक्षसाने हसत घेतलं असतं, पण मरणाची वाटच चाणक्याने बंद केली आहे. राक्षसाला कळतं की ज्यांनी नंदांना संपवलं त्यांचा आपण चाकर होतोय, नंदांची माया अजून काळजाला लागून आहे. मित्राचा देह वाचवण्यासाठी तो तलवार घेतो आणि मित्रप्रेमाला नमस्कार करतो, जे माणसाकडून काहीही करवून घेतं. मित्रासाठी एक तलवार बागेत टाकली, मित्रासाठीच दुसरी इथे उचलली.

हा नंदांचा विश्वासघात झाला का? माझं मत, नाही. नंदकुळात आता कुणी उरलेलं नाही. ती निष्ठा एका आठवणीशी होती, आणि इथे सुळापाशी एक जिवंत माणूस, त्याची बायको आणि मूल उभं आहे. आठवणीची शुद्धता राखण्यासाठी त्यांचा बळी दिला असता तर राक्षसाच्या स्वच्छ नावाचा खर्च चंदनदासाच्या घराला भरावा लागला असता. राक्षसाने तो स्वतः भरला. आपण चंद्रगुप्ताकडे का आलो याची तात्त्विक सारवासारवही तो करत नाही.

पदावर आल्यावर त्याचं पहिलं मागणं आता कैदेत असलेल्या मलयकेतूच्या जिवाचं आहे. ज्याने भर छावणीत बापाचा खुनी म्हणून हाकलून दिलं, त्याच्यासाठी. काही काळ मी त्याच्या आश्रयाला होतो, एवढंच कारण देतो. मागणं मान्य होतं, मलयकेतूला बापाचं राज्य परत मिळतं, चंदनदास नगरशेठ होतो, चाणक्य प्रतिज्ञेसाठी मोकळी सोडलेली शेंडी बांधतो.

शकटदास मात्र शेवटच्या अंकात रंगमंचावर येत नाही. तो निर्दोष होता हे राक्षसाला कळलं. मलयकेतूच्या छावणीत त्या दिवशी आपलं अक्षर ताडून पाहिलं गेलं, आणि ते जुळल्यावर राक्षसाने घटकाभर का होईना आपल्याला फितूर मानलं होतं, हे शकटदासाला कधी कुणी सांगितलं का, ते नाटकात कुठेच येत नाही.